उघडा पडदा आणि उत्स्फूर्तता

मागच्या व्याख्यानात आपण एक प्रश्न अर्धवट सोडला होता. वाजवणारं यंत्र असेल, तर उत्स्फूर्तता कुणाची? आज तो प्रश्न 'लाइव्ह कोडिंग' या संगीतप्रकाराच्या आधारे थोडा पुढे नेऊ.

मंचावर एक तरुणी लॅपटॉप घेऊन बसली आहे. ती संगणकाला सूचना लिहिते, त्यांतून ध्वनी निघतात, आणि ध्वनी चालू असतानाच ती त्या सूचना बदलत राहते. तिच्या मागे मोठ्या पडद्यावर तिचं लिहिणं, खोडणं, चुकणं सगळं दिसत असतं.

हा पडदा कशासाठी? लॅपटॉपवर संगीत सादर करणाऱ्यांविषयी श्रोत्यांना एक रास्त शंका असे : हा माणूस खरंच काही करतोय, की आधीच तयार केलेलं नुसतं लावून बसलाय? २००४ साली हॅम्बुर्गमध्ये 'टॉपलॅप' ही संघटना स्थापन झाली. पडदा लपवायचा नाही, असा आग्रह तिने जाहीरनाम्यातच धरला. आता तुम्ही म्हणाल, लोकांना ते कोड कळतं का? बहुतेकांना नाही. पण सतारीची मींड कशी काढतात हे तरी आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? ऐकायला ते आड येत नाही.

या कथेला एक भारतीय धागाही आहे. इंग्लंडच्या ॲलेक्स मॅक्लीन यांनी 'टायडल' ही संगीतासाठीची भाषा घडवली. तिच्यात काळ चक्रांत मोजतात. आपल्याला लगेच आवर्तन आठवेल. तिची लेखनपद्धती 'बोल प्रोसेसर'वरून आली. हा बोल प्रोसेसर १९८०च्या दशकात बर्नार्ड बेल आणि जेम्स किपेन यांनी लखनौच्या तबल्यातल्या कायद्यांचा अभ्यास करण्यासाठी बनवला. किपेन तिथे उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्याकडे शिकले होते. संगणक नियमांनुसार पलटे तयार करी. पण ते बरोबर की चूक, हे तबलजी ऐकून ठरवत.

इथे जरा थांबू या. नियम लिहून काढता येतो. तो लागला की नाही, हे मात्र जाणते कानच सांगतात, आणि असे कान एकट्याने तयार होत नाहीत. ते एका समूहात, घराण्यात, मैफलीत तयार होतात.

मेक्सिको सिटीत या मंडळींनी एक प्रथा पाडली : कोऱ्या पानापासून सुरुवात करायची आणि नऊ मिनिटांत जे घडेल ते घडू द्यायचं. नऊ मिनिटांत काही जमेलच, याची हमी कोण देणार? तरीही कलाकार बसतो, कारण समोरचे बरेचसे लोक स्वतः कधी ना कधी त्या कोऱ्या पानासमोर बसलेले असतात. शेवटी ते टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांत धोका पत्करल्याची दादही असते.

तर आपल्या प्रश्नाचं उत्तर असं मांडता येईल. ध्वनी यंत्राचा असला, तरी चुकण्याची जोखीम माणसाची असते, आणि ती घेण्याचं बळ समूह देतो. यंत्राला चूक होते, पण लाज वाटत नाही. म्हणून उत्स्फूर्तता आपण केवळ एका व्यक्तीचा गुण मानू नये. ज्यांच्यासमोर चुकता येतं, अशा माणसांचाही तिच्यात वाटा असतो.

आता स्वतःला विचारून पाहा, असे लोक आपल्याभोवती किती आहेत? पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.