नोकरीची हमी कोठे लिहिलेली असते?

शिरवळ, केसुर्डी येथील औद्योगिक वसाहतींमुळे सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात अनेक घरांची मदार आता शेतीबरोबर कारखान्याच्या पगारावरही आहे. उद्या कारखान्याची मालकी बदलली किंवा कायम कामगारांचे काम ठेकेदाराकडे गेले, तर नोकरीचे काय, हा प्रश्न तेथे साहजिकच पुढे येतो. या प्रश्नाचा फार बारकाईने विचार विमान कंपन्यांतील वैमानिकांच्या संघटनांनी केला आहे.

अमेरिकेतील वैमानिकांच्या सामूहिक करारांत ज्येष्ठता यादी हा कणा मानला जातो. कपात झाल्यास शेवटी आलेला प्रथम घरी जातो व परत बोलाविताना ज्येष्ठाचा मान पहिला. हे तत्त्व आपल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमातही होते. परंतु तेथील खरे महत्त्वाचे कलम कामाच्या कक्षेचे होय. कंपनीची उड्डाणे यादीतील वैमानिकांनीच करावयाची. भागीदार कंपन्यांकडे द्यावयाच्या लहान विमानांच्या संख्येवर व आसनांवर मर्यादा. नोकरी राखावयाची तर प्रथम काम राखावे लागते, हे त्यामागील सूत्र. ठेकेदारी पद्धत जवळून पाहिलेल्यांस त्याचे मर्म वेगळे सांगावयास नको.

आपल्याकडे मोठी हमी करारापेक्षा कायद्यातून आली. १९५३ मध्ये विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा जुन्या कंपन्यांतील कर्मचाऱ्यांस पूर्वीच्याच वेतनावर व शर्तींवर महामंडळांच्या सेवेत घेण्याची तरतूद अधिनियमातच करण्यात आली होती. २०२१ मध्ये एअर इंडिया टाटा समूहास विकण्याचे ठरले, तेव्हा हमी आली ती विक्रीच्या अटींत आणि मुदतीसह : एक वर्ष कोणासही काढावयाचे नाही, दुसऱ्या वर्षी काढावयाचे झाल्यास स्वेच्छानिवृत्ती योजना द्यावयाची. त्या वेळी १२,०८५ कर्मचाऱ्यांपैकी ४,००१ कंत्राटी होते, ही बाबही नजरेआड करता येत नाही.

मालकच उरला नाही तर? मुंबईच्या जेट एअरवेजमधील वैमानिकांनी २००९ मध्ये बडतर्फ सहकाऱ्यांसाठी सामूहिक रजा घेऊन शेकडो उड्डाणे थांबविली होती. १७ एप्रिल २०१९ रोजी कंपनीच बंद पडली, तेव्हा ते बळ कामास आले नाही. उरला तो भविष्य निर्वाह निधी व उपदान यांवरील हक्क. ती रक्कम पूर्ण द्यावी, असा आदेश अपील न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने कंपनीच्या मालमत्तेच्या विक्रीचा, म्हणजे अवसायनाचा, आदेश दिला.