बहात्तराव्या रकान्यानंतर

पहाटे ५.३०

जून महिन्यात विदर्भातल्या मोताळ्यात कामाला हीच वेळ बरी. वीज टिकून असते, नेट वेगात चालतं. रात्री लावून ठेवलेलं बिल्ड पुरं झालं का, हे चहाच्या आधी बघते.

माझं काम पॅकेजिंगचं. फोर्ट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतला कोड तपासणारी, त्याची डागडुजी करणारी साधनं मी डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी बांधते. ती लिहिली दुसऱ्यांनीच. माझ्या हातून ती अशी बाहेर पडली पाहिजेत की कुणालाही एका कमांडने आपल्या मशीनवर घेता यावीत आणि कंपायलर बदलला तरी चालत राहावीत.

आज कॅमफोर्टचं बिल्ड अडलंय. हे साधन फोर्ट्रानमधल्या एककांची तपासणी करतं: मिलिमीटरमध्ये सेंटिमीटर मिसळले की बोट ठेवतं. ते लिहिलंय मात्र हॅस्केल भाषेत. डेबियनचं बिल्ड कोऱ्या जागेत होतं, तिथे इंटरनेट नसतं. म्हणजे कॅमफोर्ट ज्या लायब्ररींवर उभं आहे त्यातली प्रत्येक आधी पॅकेज झालेली हवी. एकीची आवृत्ती जुळत नाही. वहीत नोंद करून पुढे.

७.१५

शेजारचे काका ओट्यावर येऊन बसतात. सोयाबीनचं बियाणं घरात येऊन पडलंय. "काय म्हनते वं पोरी तुहं हवामान? पेरू का थांबू?"

"थांबा काका. पंच्याहत्तर-शंभर मिलिमीटर होऊ द्या, मग पेरा." हा सल्ला कृषी विभागाचाच, दरवर्षीचा. माझी त्यात भर काही नाही.

पण काकांच्या प्रश्नाचं उत्तर ज्या कोडमधून येतं, त्याच्याशी माझा संबंध आहे. आयबीएमने १९५७ साली फोर्ट्रान बाहेर आणली. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेत २०१२ पासून मॉन्सून मिशनचं हंगामी भाकीत ज्या सीएफएस मॉडेलवर उभं राहिलं, ते अमेरिकेतून आलेलं मॉडेल फोर्ट्रानचंच. सोयाबीनच्या वाढीचं गणित मांडणारं डीएसएसॅटही फोर्ट्रानमध्ये आहे. हा कोड मोडीत काढून नव्या भाषेत लिहावा असं मला अजिबात वाटत नाही. त्यात कित्येक हंगामांच्या नोंदींशी ताडून पाहिलेलं विज्ञान आहे. तो आधी नीट वाचता आला पाहिजे, आणि वाचायला साधनं लागतात.

८.३०

कॉपीराइटची फाइल. पॅकेजिंगमधलं हे काम सगळे टाळतात, मला ते फार मोलाचं वाटतं. प्रत्येक सोर्स फाइलचा माथा वाचायचा: कुणी लिहिली, कोणत्या परवान्याखाली. जुन्या फोर्ट्रानमध्ये एखादी सबरूटीन कुठल्याशा ग्रंथातून उचललेली निघते, परवान्याचा पत्ता नसतो. 'सगळेच वापरतात' हा परवाना नव्हे. अशी फाइल पॅकेजमध्ये जाऊ शकत नाही, मग मूळ लेखकाला पत्र लिहावं लागतं.

१०.४५

आता चाचण्या. सकाळचा सगळ्यात चांगला वेळ मी यांनाच देते.

जुन्या फोर्ट्रानची ओळ पंचकार्डाच्या मापाची आहे. पहिल्या पाच रकान्यांत ओळीचा क्रमांक, सहाव्यात मागच्या ओळीची जोड, सात ते बहात्तरमध्ये कोड, आणि त्र्याहत्तर ते ऐंशी कार्डांचे अनुक्रमांक. कार्डं गेली, माप राहिलं. जीफोर्ट्रान हा कंपायलर आजही अशा फाइलमध्ये बहात्तराव्या रकान्यानंतरचं काही वाचत नाही आणि वेगळं विचारल्याशिवाय तशी सूचनाही देत नाही.

चाचणीसाठी मी एक छोटा नमुना लिहिलाय. दहा दिवसांच्या पावसाची बेरीज, ओळीच्या शेवटी 'रेन१०' हे चल. त्यातला '१' बरोबर बहात्तराव्या रकान्यात, शून्य त्र्याहत्तराव्यात. कंपायलरला दिसतं 'रेन१'. ते चलही खरंच आहे, रीतसर घोषित केलेलं, त्यामुळे तक्रार होत नाही. दहाव्या दिवसाचा पाऊस गळतो, पहिल्या दिवसाचा दोनदा मोजला जातो. उत्तर येतं, बऱ्यापैकी खरंही वाटतं. १३२ रकाने वाचणाऱ्या कंपायलरवर लिहिलेला कोड दुसरीकडे नेला की हे घडू शकतं.

म्हणून फाइंडेन्टसारखं साधन असा कोड रकान्यांचं बंधन नसलेल्या मोकळ्या मांडणीत आणतं तेव्हा ओळ कुठे तोडायची हे त्याला नेमकं सांगावं लागतं. माझी चाचणी आधीची आणि नंतरची बेरीज ताडून बघते. फरक पडला तर पॅकेज पुढे जात नाही.

१.००

ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा. ऊन असं की पंख्याची हवाही गरम लागते.

२.३०

लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर पॅचची वर्णनं लिहिते. कुठली ओळ का बदलली हे दोन वाक्यांत. २०२० साली जीसीसी १० (जीफोर्ट्रान त्याचाच भाग) आलं आणि एकाच सबरूटीनला वेगवेगळ्या प्रकारची आर्ग्युमेंट्स देणारा जुना कोड एका दिवसात चुकीचा ठरला. कंपायलरला गप्प करणारा पर्याय आहे, पण तो लावून मोकळं होणं मला पटत नाही. ती चूक कधीकधी खरी असते.

४.१५

अकोल्याच्या एका विद्यार्थिनीचा फोन. तिच्याकडे गुरुजनांकडून आलेलं पीक-मॉडेल आहे, कॉमन ब्लॉकने, म्हणजे सामायिक चलांच्या याद्यांनी, भरलेलं. एकाच ब्लॉकची यादी दोन फाइलींत वेगळ्या क्रमाने असली तर मातीचा ओलावा तापमान म्हणून वाचला जातो. ती विचारते, "ताई, सुरुवात कुठून करू?" मी एफटीएनचेक हे फोर्ट्रान तपासणारं साधन बसवायला सांगते. एक कमांड, कंपाइल करायची कटकट नाही. फोन चालू असतानाच ती न जुळणाऱ्या ब्लॉकांची नावं वाचून दाखवू लागते. एवढ्यासाठीच मी हे काम करते.

७.००

मॉड्यूलच्या फाइली. जीफोर्ट्रानच्या एका आवृत्तीने बनवलेली मॉड्यूल-फाइल दुसरीला वाचता येईलच असं नाही. म्हणून त्या कंपायलरनुसार वेगळ्या ठिकाणी ठेवायच्या. काम चोख हवं, सांगण्यासारखं फार नाही.

९.३०

पॅकेज तपासणाऱ्या लिंटियनने दोन शेरे मारले होते, दोन्ही मिटवले. पॅकेजवर सही करून तपासणीला पाठवते आणि बेरजेची चाचणी फाइंडेन्टच्या मूळ प्रकल्पालाही देते, म्हणजे फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवाल्यांनाही ती मिळेल. कॅमफोर्टची लायब्ररी उद्या पहाटे.