मराठी ख्रिस्ती साहित्य आणि कला

मराठी ख्रिस्ती साहित्य आणि कला म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेतून प्रेरणा घेऊन मराठी भाषकांनी केलेली काव्य, गद्य, संगीत, कीर्तन व चित्रकला या क्षेत्रांतील निर्मिती होय. सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात रचलेल्या ख्रिस्तपुराणापासून या परंपरेचा प्रारंभ मानला जातो. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत अहमदनगर, पुणे, मुंबई, वसई तसेच सातारा-सांगली-कोल्हापूर या भागांत ती विस्तारली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात सातारा येथे स्थापन केलेला 'देवाचा दरबार' हा या परंपरेतील महत्त्वाचा टप्पा आहे. श्रद्धेचा आशय आणि देशी कलारूप यांचा मेळ कसा घालावा, हा या परंपरेपुढील मध्यवर्ती प्रश्न राहिला आहे.

पार्श्वभूमी

इंग्लंडमधून १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण हे महाकाव्य रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथाचे पैले पुराण व दुसरे पुराण असे दोन भाग आहेत. पहिल्या भागात जुन्या करारातील कथा, तर दुसऱ्या भागात ख्रिस्तचरित्र येते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराणश्रवणाची सवय होती. ती मोडण्याऐवजी स्टीफन्स यांनी त्याच साच्यात नवा आशय भरला. ओवी हा छंद, श्रोत्यांच्या शंका व त्यांची उत्तरे, मराठी भाषेची स्तुती ही सर्व वैशिष्ट्ये मराठी पुराणपरंपरेतीलच आहेत. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांवर निर्बंध घातल्याने ही वाट खुंटली.

ब्रिटिश काळात प्रॉटेस्टंट मिशनांनी छपाई व शाळा यांच्याद्वारे नवा आरंभ केला. विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली श्रीरामपूर येथून १८११ साली नव्या कराराचे मराठी भाषांतर प्रसिद्ध झाले. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगर येथून ज्ञानोदय हे नियतकालिक सुरू केले. बाबा पदमनजी यांची यमुनापर्यटन (१८५७) ही कादंबरी हिंदू विधवांच्या स्थितीवर असून अनेक अभ्यासक तिला मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी मानतात. पंडिता रमाबाई यांनी केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये राहून मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले.

परके रूप आणि देशी रूप

मिशनांच्या आरंभीच्या उपासनेत इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे पाश्चात्त्य चालींवर गायिली जात. मराठी शब्दांतील ऱ्हस्व-दीर्घ उच्चार आणि पाश्चात्त्य चालीतील आघात यांचा मेळ बसत नसे. परिणामी शब्दांची ओढाताण होई आणि अर्थ बाजूला पडे. गाणारा समाज प्रामुख्याने ग्रामीण होता आणि त्यातील बहुतेकांना वाचता येत नव्हते. त्यामुळे पाठ होण्याजोगे, चालीत बसणारे पद ही केवळ आवडीची बाब नव्हती. ग्रंथ ज्यांच्या हाती पोहोचू शकत नव्हता, त्यांच्यापर्यंत आशय नेण्याचे ते प्रमुख साधन होते.

या अडचणीतून अहमदनगर परिसरात ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात पडला. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे या प्रकारातील आरंभीच्या पदरचनाकारांपैकी एक होत. ख्रिस्ती कीर्तनाची बांधणी हरिकीर्तनासारखीच असते. पूर्वरंगात नमन व एखाद्या तत्त्वाचे निरूपण येते आणि उत्तररंगात त्या तत्त्वाला अनुसरून आख्यान लावले जाते. आख्यानाचे विषय मात्र बायबलमधील असतात, उदाहरणार्थ उधळ्या पुत्राचा दृष्टान्त किंवा योसेफाची कथा. पद, साकी, दिंडी, आर्या अशा परिचित वृत्तांमुळे श्रोत्यांना नवी कथा जुन्या ओळखीच्या स्वरात ऐकू येई.

या प्रयोगाकडे दोन्ही बाजूंनी संशयाने पाहिले गेले. काही मिशनरी व स्थानिक ख्रिस्ती यांना टाळ-मृदंग ही सोडून दिलेल्या धर्माची खूण वाटे. उलट, काही हिंदू श्रोत्यांना त्यात आपल्या कीर्तनाचे केवळ प्रचारासाठी घेतलेले सोंग दिसे. या दुहेरी संशयाला उत्तर द्यायचे तर रचनेला प्रचाराच्या पलीकडे जाऊन स्वतःच्या बळावर उभे राहणे भाग होते.

नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामुळे ते कुटुंब व जाती यांपासून तुटले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि पुढे १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक हे धर्मांतरापूर्वीपासूनच कवी होते. निसर्ग, मुले व कौटुंबिक जिव्हाळा या विषयांवरील कवितांमुळे ते 'फुलांमुलांचे कवी' म्हणून ओळखले जातात. बालकवी ठोमरे यांना त्यांच्या घरी आश्रय व प्रोत्साहन लाभले. १९१२ पासून टिळकांनी ज्ञानोदयच्या मराठी विभागाचे संपादन केले.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे उद्गार टिळकांनी काढल्याचे प्रसिद्ध आहे. त्यांच्या अभंगांतून त्याचा प्रत्यय येतो. वारकरी संतांनी विठ्ठलाला ज्या जवळिकीने हाक मारली, त्याच जवळिकीने टिळक ख्रिस्ताला माउली, गुरू व सखा म्हणतात. आत्मनिवेदन, विरह आणि लडिवाळ तक्रार हे भाव त्यांनी अभंगातून जसेच्या तसे घेतले. अभंगांजली व भजनसंग्रह यांतील त्यांच्या रचना, तसेच उपासना संगीत या स्तोत्रसंग्रहातील त्यांची पदे मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आजही गायिली जातात.

सातारा व देवाचा दरबार

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यासवृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे वास्तव्य केले. येथेच त्यांनी 'देवाचा दरबार' ही संकल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंना सामावून घेणारा, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचा बंधुवर्ग निर्माण करणे हा तिचा उद्देश होता. परकीय पैसा व परकीय नेतृत्व यांवर अवलंबून असलेली मंडळी स्वतःच्या आवाजात बोलू शकणार नाही, अशी त्यांची धारणा झाली होती. मिशनचा पगार सोडणे हा त्या धारणेचाच भाग होता.

साताऱ्याच्या परिसराला सज्जनगडामुळे रामदासी, तर वारीमुळे भागवत संप्रदायाची पार्श्वभूमी आहे. आश्रम, दरबार, गुरू, भजन ही शब्दावली येथील श्रोत्यांना परकी नव्हती. टिळकांच्या दृष्टीने तो केवळ वेशबदल नव्हता. उपासनेचे रूप बदलले, की उपासकांमधील नातेही बदलते आणि उपदेशक व श्रोते यांच्याऐवजी गुरुबंधूंचा मेळा तयार होतो, असा त्यामागील विचार होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. अवघ्या दोन वर्षांत या उपक्रमाला स्थायी संस्थेचे रूप येऊ शकले नाही. मात्र त्यामागील विचाराचा प्रभाव पुढेही जाणवला. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला आणि पुण्यात आश्रमपद्धतीचा प्रयोग केला.

ख्रिस्तायन

ख्रिस्तायन हे ख्रिस्तचरित्रावरील ओवीबद्ध महाकाव्य टिळकांनी आरंभिले, परंतु त्यांच्या हयातीत आरंभीचे काही अध्यायच लिहून झाले. उरलेल्या अध्यायांपैकी बहुतेक लक्ष्मीबाईंनी रचले. शाळेचे पद्धतशीर शिक्षण न मिळालेल्या स्त्रीने पतीचे अपुरे महाकाव्य पुढे न्यावे, ही मराठी वाङ्मयात विरळ घटना आहे. ओवी ही जात्यावरच्या गाण्यांतून स्त्रियांच्या ओठी असलेली रचना असल्याने हा छंद लक्ष्मीबाईंना पुस्तकातून शिकावा लागला नाही.

स्मृतिचित्रे

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे स्मृतिचित्रे हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्याची गणना होते. सोवळे-ओवळे, पतीचे धर्मांतर, दुरावा, पुनर्मीलन, नव्या समाजातील अडचणी आणि अखेरच्या काळातील सातारा या साऱ्यांचे वर्णन त्यात घरगुती बोलीत व नर्मविनोदाने येते. लेखिका स्वतःलाही त्या विनोदातून वगळत नाही.

या ग्रंथात धर्मोपदेश जवळजवळ नाही. श्रद्धेतील बदल वादविवादातून नव्हे, तर रोजच्या प्रसंगांतून दिसतो. जातिभेदाची पकड कशी सैल होत गेली, हे कोणाच्या हातचे पाणी प्यावे यासारख्या साध्या प्रश्नांतून कळते. त्यामुळे ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनीही तो आपला मानला. विजया मेहता यांनी या आत्मचरित्रावर दूरदर्शनपट दिग्दर्शित केला असून ग्रंथाची इंग्रजी भाषांतरेही झाली आहेत.

सांगली-कोल्हापूर परिसर

सातारा व वाई येथे अमेरिकन मराठी मिशनचे, तर कोल्हापूर, सांगली व मिरज येथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे कार्य होते. रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केले. या भागातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील होती आणि त्यांच्यापाशी लोकसंगीताचा मोठा वारसा होता. हा प्रदेश कलाप्रेमी म्हणून प्रसिद्ध आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत सीता स्वयंवर सादर केले, तर मिरज सतार व तंबोरा यांच्या निर्मितीसाठी नावाजलेले आहे. पेटी, ढोलकी व टाळ यांच्या साथीने होणारे भजन येथील ख्रिस्ती मंडळ्यांनी जवळ केले, यात नवल नव्हते.

चित्रकला

गोव्यात जन्मलेले आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी शांतिनिकेतनात शिक्षण घेतले आणि पुढे पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात वास्तव्य केले. त्यांच्या चित्रांतील मरिया साडी नेसलेली भारतीय स्त्री असते आणि भोवतालचा परिसर दख्खनचा असतो. युरोपीय मूर्तींची सवय असलेल्या गोव्यातील अनेकांना ही चित्रे रुचली नाहीत. आज मात्र भारतीय ख्रिस्ती कलेत त्यांना मानाचे स्थान आहे. कोल्हापूरचे विनायक मसोजी यांनीही शांतिनिकेतनात राहून ख्रिस्ती विषयांवर चित्रे काढली.

नंतरचा काळ

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–१९६५) कॅथलिक उपासनेत लोकभाषांना स्थान मिळाले आणि मराठी गीतरचनेला चालना मिळाली. वसईतील सुवार्ता या मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या सुबोध बायबल या ग्रंथाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीला काही गटांनी धर्माच्या कारणावरून विरोध केला होता.

मूल्यमापन

या परंपरेतील बरेचसे लेखन प्रचाराच्या हेतूने झाले आणि तो हेतू सरताच विस्मरणात गेले. टिकून राहिलेल्या कृतींमध्ये दोन गुण समान दिसतात. त्यांचे रूप मराठी श्रोत्याच्या कानात आधीपासून रुजलेले होते आणि त्यांतील अनुभव रचनाकाराने स्वतः किंमत मोजून मिळवलेला होता. टिळकांच्या अभंगांना वियोगाची आणि स्मृतिचित्रे या ग्रंथाला प्रत्यक्ष जगण्याची जोड आहे.

या परंपरेची एक मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. पदमनजी, रमाबाई व टिळक दांपत्य ही ग्रंथरूपाने पुढे आलेली नावे उच्चवर्णीय पार्श्वभूमीची आहेत. मराठी ख्रिस्ती समाजात संख्येने मोठ्या असलेल्या दलित ख्रिस्ती कुटुंबांची निर्मिती मुख्यतः गाण्यांत व मौखिक रूपात राहिली. ती फारशी लिहून ठेवली गेली नाही. त्यामुळे ग्रंथांवरून दिसणारे या परंपरेचे चित्र अपुरे आहे. सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील गावोगावच्या मंडळ्यांत गायिल्या जाणाऱ्या जुन्या पदांचे संकलन या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

हेही पहा

नारायण वामन टिळक
लक्ष्मीबाई टिळक
ख्रिस्तपुराण
बाबा पदमनजी
पंडिता रमाबाई
ज्ञानोदय
कीर्तन