तोलाची चेता आणि मेरुरज्जू : लॅम्प्रे माशापासून घ्यावयाचा बोध

‘डोके फिरते, तोल जातो’ ही तक्रार आपल्या चिकित्सालयात नित्याची आहे. चरकाचार्यांनी भ्रमाची गणना वाताच्या नानात्मज विकारांत केली असून, माधवनिदानात त्याच्या मुळाशी रज, पित्त व वात सांगितले आहेत. तोलाची संवेदना कानापासून स्नायूंपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचते हेही आपण जाणून घेतले, तर रुग्णपरीक्षा अधिक नेमकी होते. मानवात हा मार्ग गुंतागुंतीचा आहे. त्याचे साधे रूप लॅम्प्रे या आदिम माशात दिसते.

लॅम्प्रे हा जबडा नसलेला, सापासारखा लांबट मासा उत्तर अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरील नद्यांत व समुद्रात आढळतो. दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या व २००६ साली वर्णन केलेल्या त्याच्या जीवाश्माचे वय सुमारे ३६ कोटी वर्षे आहे. या माशाला जोडीचे पर नसतात. त्यामुळे पोहताना पाठ वर ठेवण्यासाठी त्याला सतत प्रयत्न करावा लागतो.

संवेदनेचा मार्ग

आपल्या प्रत्येक अंतःकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, लॅम्प्रेच्या कानात दोनच. तेथून आठव्या शीर्षण्य नाडीचे तंतू पश्चमस्तिष्कातील केंद्रकांत जातात. तेथील काही पेशींचे तंतू थेट मेरुरज्जूत उतरतात, पण ते फार खाली जात नाहीत. मुख्य संदेश जालिकेतील मोठ्या चेतापेशींकडे सोपविला जातो आणि त्यांचे लांब तंतू मेरुरज्जूतून शेपटीकडे जातात. स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेत स्टेन ग्रिलनर, तात्याना डेलियागिना प्रभृती संशोधकांनी या व्यवस्थेचा सखोल अभ्यास केला.

मासा डावीकडे कलला की डावा कान उत्तेजित होतो. हा संदेश प्रामुख्याने उजव्या बाजूच्या जालिकापेशींना मिळतो आणि त्या शरीर उजवीकडे वळवितात. उजवीकडे कलल्यास याच्या उलट घडते. दोन्ही बाजूंचे बल समान झाले की मासा सरळ राहतो. समत्व म्हणजे निश्चेष्टता नव्हे, तर परस्परविरोधी बलांचे साम्य होय, हे आपणां वैद्यांना वेगळे सांगावयास नको.

एक बाजू निकामी झाल्यास

डावा अंतःकर्ण काढून टाकल्यास उजव्या जालिकापेशी शांत होतात, तर उजव्या कानाच्या बळावर डाव्या पेशी काम करीत राहतात. परिणामी मासा डावीकडे, म्हणजे दुखावलेल्या बाजूकडे, गोल गोल लोळू लागतो. परंतु काही आठवड्यांत मेंदू नवे साम्य साधतो व मासा पुन्हा सरळ पोहू लागतो.

चिकित्सेतील उपयोग

एका कानाची तोलचेता अकस्मात दुर्बल झालेला मनुष्यही त्याच बाजूस झुकतो, आणि त्याच्याही मेंदूत भरपाई होते. मात्र त्यासाठी हालचाल आवश्यक असते. हे आम्ही एका चुकीतून शिकलो. पन्नाशीतील एका शिक्षकांना आम्ही तीन आठवडे संपूर्ण विश्रांती सांगितली आणि चक्कर दाबणारी गोळी दोन महिने चालू राहू दिली. वांती थांबली, पण चालणे डळमळीतच राहिले. पुढे कर्णतज्ज्ञांच्या सल्ल्याने गोळी बंद करून मान व दृष्टीचे व्यायाम सुरू केले, तेव्हा ते सावरले.

प्रोक्लोरपेराझिन, सिनॅरिझिन यांसारखी औषधे पहिल्या काही दिवसांत उपयुक्त ठरतात. दीर्घकाळ घेतल्यास हीच भरपाई मंदावते. औषधालय चालविणाऱ्या बंधूंनी जुन्या चिठ्ठीवर ती महिनोन्महिने देऊ नयेत, ही विनंती.

भ्रमासोबत बोबडे बोलणे, दुहेरी दिसणे, एका अंगाची दुर्बलता, तीव्र नवी डोकेदुखी किंवा आधाराविना उभेही राहता न येणे, यांपैकी काहीही आढळल्यास चूर्ण-काढ्यांत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवावे. तेथे दोष कानात नसून मेंदूत असू शकतो. इतरांना पहिले काही दिवस सरताच आधार देऊन चालवावे. खाटेवर खिळवून ठेवू नये.