सैनिक, वकील आणि सिनेटर

लढाई संपली की सैनिक घरी येतो. मग पुढे काय? आपल्याकडच्या पुष्कळ गावांत हा प्रश्न मुद्दाम समजावून सांगावा लागत नाही. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला कुणी सुभेदार पुन्हा नांगर धरतो, कुणी ग्रामपंचायतीत निवडून येतो, तर कुणी कारखान्याच्या दारावर पहारा करतो. ज्याचा हात किंवा पाय रणांगणावरच राहिला, त्याच्यापुढे तर हा प्रश्न अधिकच बिकट होऊन उभा राहतो. अशाच एका माणसाची हकीकत आज आपल्याला सांगावयाची आहे. या माणसाचा उजवा हात लढाईत गेला. त्याला व्हायचे होते शल्यविशारद, पण झाला वकील. आणि वकिलीतून पुढे जात जात तो अमेरिकेच्या सिनेटमध्ये जवळजवळ पन्नास वर्षे बसला. त्याचे नाव डॅनियल इनोए.

नाव ऐकून आपण म्हणाल, हे अर्धे नाव इंग्रजी आणि अर्धे जपानी, हे कसं काय? त्याचे उत्तर उसाच्या फडात आहे. पॅसिफिक महासागराच्या मध्यावर हवाई नावाची बेटे आहेत. एकोणिसाव्या शतकात तिथे उसाचे मोठमोठे मळे उभे राहिले आणि त्या मळ्यांसाठी चीन, जपान, पोर्तुगाल अशा दूरदूरच्या देशांतून मजूर आणले गेले. इनोए यांचे आजोबा जपानातील एका खेड्यातून १८९९ साली कौआई बेटावरच्या मळ्यात कामाला आले. कारण काय, तर गावात लागलेल्या आगीमुळे घराण्याच्या डोक्यावर कर्ज झाले होते आणि ते फेडायचे होते. कर्ज फेडू आणि परत जाऊ, असा बेत. पण परत जाणे घडले नाही. ऊसतोडीसाठी घर सोडणाऱ्या माणसांना आपल्याकडे कोण ओळखत नाही? त्यांना ही गोष्ट परकी वाटू नये.

या आजोबांचा नातू डॅनियल ७ सप्टेंबर १९२४ रोजी होनोलुलू शहरात जन्मला. हवाई बेटे त्या वेळी अमेरिकेच्या ताब्यातील एक प्रदेश होती. पूर्ण दर्जाचे राज्य नव्हती. तरी तिथे जन्मलेला मुलगा जन्मानेच अमेरिकन नागरिक ठरत असे. ही बाब ध्यानात ठेवावी, कारण पुढची सारी कथा या एका शब्दाभोवती फिरते: नागरिक.

७ डिसेंबर १९४१, रविवारची सकाळ. सतरा वर्षांचा डॅनियल प्रार्थनेला जाण्यासाठी कपडे करीत होता आणि घरात रेडिओ चालू होता. रेडिओवरचा निवेदक एकाएकी ओरडून सांगू लागला की जपानी विमाने पर्ल हार्बरच्या आरमारी तळावर बॉम्ब टाकीत आहेत. डॅनियलने रेडक्रॉसचे प्रथमोपचाराचे शिक्षण घेतले होते. तो तसाच धावत गेला आणि पुढचे कित्येक दिवस जखमी माणसांची शुश्रूषा करीत राहिला.

परंतु त्या दिवसापासून जपानी चेहऱ्याचा प्रत्येक माणूस संशयित ठरला. १९४२ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हुकमाने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडायला लावून काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवण्यात आले. त्यांपैकी बहुसंख्य लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. हवाईमध्ये सरसकट असे झाले नाही. पण तेथील तरुणांनाही सैन्यात घ्यायचे नाही, असे ठरले. त्यांची गणती शत्रुपक्षाच्या परक्यांत करण्यात आली. ज्या देशात जन्मलो, त्याच देशाच्या दप्तरात आपण परके! १९४३ च्या आरंभी सरकारने हे धोरण बदलले आणि जपानी वंशाच्या तरुणांची एक वेगळी पलटण उभारली. तिचे नाव ४४२ वी रेजिमेंटल कॉम्बॅट टीम. डॅनियल त्या वेळी वैद्यकीय शिक्षणाची पूर्वतयारी करीत होता. कॉलेज सोडून तो भरती झाला.

ही पलटण १९४४ साली इटलीत उतरली, मग फ्रान्समध्ये लढली आणि पुन्हा इटलीत आली. फ्रान्समधील लढाईनंतर इनोए यांना रणांगणावरच सेकंड लेफ्टनंट करण्यात आले. २१ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सान तेरेंझो गावाजवळच्या एका टेकडीवर त्यांची तुकडी चढून जात असता समोरून जर्मनांच्या तीन मशीनगनांचा मारा सुरू झाला. पोटात गोळी लागली असतानाही इनोए पुढे सरकत राहिले. दोन ठाणी त्यांनी बंद पाडली. तिसऱ्यावर हातबॉम्ब फेकणार, तोच शत्रूचा गोळा त्यांच्या उजव्या कोपरावर आदळला. हात लोंबकळला, पण त्याच हाताच्या मुठीत पिन काढलेला बॉम्ब तसाच राहिला. त्यांनी आपल्या माणसांना मागे राहायला सांगितले, डाव्या हाताने तो बॉम्ब सोडवून घेतला आणि शत्रूच्या ठाण्यावर फेकला. पुढे पायात गोळी लागून ते कोसळले. त्यांचा उजवा हात कापावा लागला. त्यानंतर अकराच दिवसांत, २ मे रोजी, इटलीतील जर्मन सैन्याने शस्त्रे खाली ठेवली.

इथे थोडे थांबून आपल्या घरचीही एक आठवण काढली पाहिजे. याच इटलीत, त्याच महिन्यात, पूर्वेकडच्या सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फंट्री लढत होती. त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमज गावचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी दोन जखमी सोबत्यांना नदीपार सुखरूप नेऊन ठेवले. मग ते एकटे परत फिरले आणि त्यांनीही शत्रूची मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. हाताला जखम झाल्यावर बंदूक टाकून त्यांनी हातबॉम्बवर काम भागवले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन पलटणी, दोन टोकांच्या देशांतली शेतकरी-मजुरांची पोरे, आणि पराक्रम एकाच घडणीचा!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एक हात गेला. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होण्याचे स्वप्न तिथेच संपले. मिशिगनमधील बॅटल क्रीक गावच्या लष्करी रुग्णालयात इनोए यांच्याबरोबर आणखी दोन जखमी अधिकारी होते. एक कॅन्ससचा बॉब डोल. त्याचाही उजवा हात इटलीतच, १४ एप्रिल रोजी, कायमचा निकामी झाला होता. दुसरा फिलिप हार्ट, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जखमी झालेला. डोलने इनोए यांना आपला बेत सांगितला: आधी कायदा शिकायचा, मग राज्याच्या विधिमंडळात जायचे आणि तिथून काँग्रेसमध्ये. इनोए यांनी तोच रस्ता धरला आणि गंमत अशी की, काँग्रेसमध्ये ते डोलच्याही आधी पोचले. पुढे हे तिघेही सिनेटर झाले. त्या रुग्णालयाच्या इमारतीला २००३ साली या तिघांची नावे देण्यात आली.

पण नुसता बेत करून कुणी वकील होत नाही. शिक्षणाला पैसा लागतो. अमेरिकेने २२ जून १९४४ रोजी, म्हणजे युद्ध चालू असतानाच, एक कायदा केला होता. सैन्यातून परतलेल्या माणसाला शिक्षणाची फी, पुस्तके आणि राहण्याजेवण्याचा खर्च सरकारने द्यावा, अशी त्यात तरतूद होती. या कायद्याचा आधार घेऊन सुमारे २२ लाख माजी सैनिक कॉलेजांत गेले. १९४७ साली कॅप्टनच्या हुद्द्यावर निवृत्त झालेले इनोए त्यांतलेच एक. ते १९५० साली हवाई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढे वॉशिंग्टन येथे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करून ते १९५३ साली होनोलुलूला सहायक सरकारी वकील झाले. सैनिकाचे शौर्य त्याचे स्वतःचे. पण त्या शौर्याला दुसरे आयुष्य मिळते ते अशा कायद्यामुळे. शिक्षकबंधूंनी हा मुद्दा वर्गात अवश्य सांगावा.

आणि कायदाच का? याचे एक कारण त्यांच्या अनुभवात आहे. घरी परतताना सॅन फ्रान्सिस्को येथे ते केस कापायला एका दुकानात गेले. अंगावर कॅप्टनचा गणवेश, छातीवर पदके, उजवा हात नाही. न्हाव्याने त्यांचा वंश विचारला आणि जपानी लोकांचे केस इथे कापत नाही, असे सांगून त्यांना परत लावले. ज्याने देशासाठी हात दिला, त्यालाही नागरिक म्हणून मान मिळतोच असे नाही. लढाईत जिंकलेले हक्क कायद्याच्या पुस्तकात उतरावे लागतात. आणि पुस्तकात उतरले तरी ते अमलात आणायला माणसे लागतात.

हवाईमध्ये त्या काळी मळेवाल्या मोठ्या कंपन्यांचे राज्य होते. जमीन त्यांची, जहाजे त्यांची, आणि विधिमंडळातही त्यांचाच पक्ष. १९५४ च्या निवडणुकीत मजूर संघटना आणि युद्धावरून परतलेले तरुण एकत्र आले व ही सत्ता मोडली. त्यात इनोए प्रादेशिक विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात निवडून आले आणि बहुमतवाल्या पक्षाचे नेते झाले. १९५८ साली ते वरच्या सभागृहात गेले. २१ ऑगस्ट १९५९ रोजी हवाई हे अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले आणि त्याचे पहिले प्रतिनिधी म्हणून इनोए काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात पोचले. शपथविधीच्या वेळी सभापतींनी रीतीप्रमाणे उजवा हात वर करायला सांगितले. इनोए यांनी डावा हात वर केला. सभागृह क्षणभर स्तब्ध झाले, असे तिथे असलेल्यांनी पुढे सांगितले आहे.

१९६२ साली ते सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले. समोरचा उमेदवार होता बेंजामिन डिलिंगहॅम, मळ्यांतला ऊस वाहून नेणारी आगगाडी ज्या घराण्याने बांधली त्या घराण्यातला. ऊसमजुराचा नातू जिंकला.

सिनेट म्हणजे नेमके काय, हे आता पाहू. आपल्या राज्यसभेशी तिची तुलना केली तर ते लवकर समजेल. राज्यसभेत लहान राज्याला कमी जागा, मोठ्याला जास्त. महाराष्ट्राला १९, तर गोव्याला १. सिनेटमध्ये तसे नाही. राज्य लहान असो की मोठे, प्रत्येकी दोनच सिनेटर. पन्नास राज्यांचे मिळून शंभर. मुदत सहा वर्षांची. राज्यसभेचे बहुतेक सभासद आमदार निवडतात. सिनेटरला मात्र १९१३ च्या घटनादुरुस्तीपासून थेट जनता निवडते. आणि अधिकारही मोठे. परराष्ट्रांशी होणारे तह, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, मंत्री, राजदूत, यांना सिनेटची संमती लागते. त्यामुळे हवाईसारख्या चिमुकल्या राज्याचा सिनेटरही सबंध देशाच्या कारभाराला वळण देऊ शकतो.

इनोए यांनी ते दिले. १९७३ साली वॉटरगेट प्रकरणाची चौकशी करणाऱ्या समितीत ते होते. १९८७ साली दुसरे प्रकरण निघाले. सरकारमधल्या काही अधिकाऱ्यांनी गुपचूप इराणला शस्त्रे विकून तो पैसा निकाराग्वाच्या बंडखोरांकडे वळवला होता; या बंडखोरांना लष्करी मदत करायची नाही, असा काँग्रेसचा कायदा असताना! सिनेटच्या चौकशी समितीचे अध्यक्ष होते इनोए, आणि साक्षीला समोर गणवेशातला एक लेफ्टनंट कर्नल. वरिष्ठांची आज्ञा पाळली, असा त्याचा रोख. तेव्हा इनोए यांनी लष्करी कायद्याचा आधार देऊन सांगितले की सैनिकाने पाळायची ती कायदेशीर आज्ञा. बेकायदेशीर आज्ञा न पाळणे हेही त्याचे कर्तव्यच आहे. दुसऱ्या कुणी हे म्हटले असते तर ते पोथीतले वाटले असते. एक हात देऊन आलेला सैनिक, कायदा शिकलेला वकील आणि लोकांनी निवडलेला सिनेटर, हे तिघेही त्या एका वाक्यात बोलत होते.

छावण्यांत डांबलेल्या लोकांचा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. आधी चौकशी आयोग नेमावा, सत्य नोंदले जावे, मग मागणी करावी, असा त्यांचा वकिली सल्ला होता. आयोग १९८० साली नेमला गेला आणि १९८८ च्या कायद्याने सरकारने जाहीर माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले.

त्यांच्यावर टीका झाली नाही असे नव्हे. हवाईसाठी ते सरकारी पैसा वारेमाप ओढून नेतात, असा आक्षेप कायम होता, आणि ते स्वतः ते नाकारीतही नसत. १९९२ च्या निवडणुकीत एका स्त्रीशी गैरवर्तन केल्याचा आरोप पुढे आला. त्यांनी तो नाकारला आणि सिनेटच्या नीतिसमितीने पुढे कारवाई केली नाही.

सान तेरेंझोच्या टेकडीवरील शौर्यासाठी त्यांना सर्वोच्च पदक, मेडल ऑफ ऑनर, मिळाले ते २१ जून २००० रोजी. आधी त्यांना त्याहून खालच्या दर्जाचे पदक दिले गेले होते. पुढे जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या आणि वंशामुळे मागे पडलेल्या आशियाई वंशाच्या २२ सैनिकांना हा मान एकाच दिवशी देण्यात आला. त्यांतले बहुतेक तोवर हयात नव्हते. नामदेव जाधवांचे पदक १९४५ सालीच मिळाले. इनोए यांना पंचावन्न वर्षे थांबावे लागले.

२०१० साली ते सिनेटचे हंगामी अध्यक्ष झाले. राष्ट्राध्यक्षपद रिकामे झाले तर ते सांभाळणाऱ्यांच्या क्रमात हा मान तिसरा. एके काळी ज्याला परका म्हणून दप्तरात लिहिले, तो तिथवर पोचला. १७ डिसेंबर २०१२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांचा शेवटचा शब्द होता अलोहा. हवाईत भेटताना आणि निरोप घेताना हाच शब्द म्हणतात, आपल्या रामरामासारखा.