गाईडात नसलेला अर्थ

‘गर्ल म्हणजे मुलगी. डॉटर म्हणजे मुलगी.’ मग दोघींत फरक काय, असं मॅडमनी विचारलं आणि वर्ग गप्प झाला.

धुळ्यातल्या एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासात मी मागच्या बाकावर बसलो होतो. पुढं साक्री, शिंदखेडा, पारोळ्याकडची तरुण पोरं. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे फळ्यावरचे शब्द यांना नवे नव्हते, अर्थही पाठ होते.

मॅडमनी गाईड मिटलं. ‘रस्त्यानं चाललीय, तिला आजी काय म्हणते?’ ‘पोर.’ ‘आणि स्वतःच्या लेकीला?’ ‘आंडेर!’ ज्या दोघींना गाईडानं एकाच शब्दात उरकलं होतं, त्या अहिराणीत आधीपासून वेगळ्या होत्या. २०११च्या जनगणनेत १८ लाखांहून जास्त लोकांनी खानदेशी ही मातृभाषा सांगितली. अहिराणी त्यातच मोडते. तरी इथल्या गाईडांत अर्थ छापला जातो तो पुस्तकी मराठीत. हा वळसा कशासाठी, हे मला कधीच उमगलेलं नाही.

काळ शिकवताना एका मुलाला डबा उघडायला लावला. ‘हाऊ काय करी ऱ्हायना?’ ‘भाकर खाई ऱ्हायना.’ ‘आणि रोज?’ ‘रोज भाकर खास.’ एका बाजूला ‘इज ईटिंग’, दुसऱ्या बाजूला ‘ईट्स’. ‘खास’मधला ‘स’ आणि ‘ईट्स’मधला ‘स’ यांचं काही नातं नाही, निव्वळ योगायोग. पण मॅडमनी त्याच्यावर वर्षभराची चूक थांबवली. ‘ही ईट’ म्हणणाऱ्याला त्या नुसतं ‘खा?’ असं विचारतात, की तो स्वतःच ‘स’ जोडतो.

काही शब्दांना हात लावायची गरजच नसते. रावेर-यावलच्या केळीवाल्याच्या पोराला ड्रिप, फिल्टर, स्टार्टर, फेज कोण सांगणार? ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ मात्र एकमेकांचे पेन मागून, देऊन, परत घेऊन झाले. तरी दोघांनी उलटंच म्हटलं. शेवटी सोसायटीचं पीककर्ज आलं: सोसायटी लेंड करते, बाप बॉरो करतो. मग कुणी चुकलं नाही.

‘प्लीज’नं घाम काढला. गाईडात ‘कृपया’, आणि ते तर एसटी स्टँडवरच्या पाटीवर राहतं. घरात कुणाच्या तोंडी नाही. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, ‘पानी दे ना भो’, आणि ‘ना’खाली रेघ मारली.

‘मॅडम, इंटरव्ह्यूत साहेबाला हे चालंल?’ एका मुलीनं विचारलं.

‘ना घेऊन जा,’ मॅडम म्हणाल्या, ‘भो घरी ठेव.’