नव्या लांकडास रंग केव्हां द्यावा?

सुतार सज्ज्याचें काम संपवून गेला, कीं लगोलग रंगारी बोलावण्याची घरधन्यास घाई होते. पण हा मुहूर्त पंचांगांत नसून लांकडांतील ओलाव्यावर अवलंबून असतो.

ओल्या लांकडावर जाड रंग चढविला म्हणजे आंतील पाणी कोंडतें व बाहेर पडतांना रंगाचे पोपडे काढतें. आंत राहिलेलें पाणी तर त्याहून घातक. कोरड्या वजनाच्या शेंकडा 20 हून अधिक ओल टिकली, कीं बुरशीस वाव मिळतो. आणि ज्या फळीवर मुलेंबाळें उभीं राहतात, ती रंगाखालीं नकळत कुजते.

उलटपक्षीं, लांकूड महिनोन्महिने उघडें टाकणेंही बरें नव्हे. उन्हांतील अतिनील किरण तंतू सांधणाऱ्या लिग्निनचा नाश करतात. पृष्ठभाग करडा होऊन रंगास धरावयास कांहीं उरत नाहीं.

मग ओळखावें कसें? फळीवर पाण्याचे चार थेंब टाकावे. तसेच राहिले तर थांबावें. दहा मिनिटांत जिरले तर फळी रंग पिण्यास सिद्ध झाली असें समजावें. सागासारखें तेलकट किंवा रंध्यानें गुळगुळीत झालेलें लांकूड या परीक्षेपूर्वीं कांचकागदानें घांसून घ्यावें. मुंबई-कोंकणांत दिवाळीनंतरचे कोरडे दिवस या कामास उत्तम होत.